संस्थानी रायफलीची किंमत कशी जोखायची

कोल्हापूर भागात जुनी रायफल विकायला निघाली की किमतीच्या आधी किस्सा येतो. 'पावणं, ह्यो शाहू महाराजांच्या हातचा नग हाय. दाजीपूरच्या रानात गवा पाडलाय ह्यानं.' मग कुणीतरी मोबाइलवर लंडनच्या लिलावातला फोटो दाखवतं, पौंडांचे रुपये करून सांगतं आणि त्या आकड्याच्या आसपास मागणी ठेवली जाते. घेणारा त्या आकड्याकडे नुसता बघत राहतो. तो खरा की फुगवलेला, हे ठरवायचं कशावरून?

ठरवता येतं. रायफलीची किंमत तिच्या अंगावर, तिच्या कागदांत आणि आपल्या देशाच्या कायद्यात लिहिलेली असते. या तीन ठिकाणी जे वाचता येत नाही, त्याचे पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. या भागातल्या इनामदार, सरदार घराण्यांत अजूनही अशी हत्यारं आहेत. ती विकताना घरच्यांची आणि घेताना शौकिनांची, दोघांचीही फसगत होते. म्हणून हे सविस्तर सांगतो.

आधी आकड्यांबद्दल. मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वर्षभर एका आकड्यावर टांगलेली रायफल एवढंच सांगते की त्या आकड्याला गिऱ्हाईक नाही. बघायची ती झालेल्या विक्रीची किंमत. लंडनचं बोनहॅम्स, इंग्लंडमधल्या नॉरफोकचं होल्ट्स, अमेरिकेतलं रॉक आयलंड ही लिलावघरं झालेल्या विक्रीचे आकडे जाहीर करतात. त्यातही तीन आकडे असतात: लिलावाआधीचा अंदाज, बोली जिथे थांबली तो आकडा, आणि त्यावर लिलावघराचं कमिशन धरून घेणाऱ्याने प्रत्यक्ष मोजलेली रक्कम. विकणारा नेहमी तिसरा, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा दाखवतो. विकणाऱ्याच्या हातात मात्र बोलीच्या आकड्यातूनही लिलावघराचा वाटा वजा होऊनच पैसे पडतात.

विक्रमी विक्रीवरून भाव ठरवणं ही तर सर्रास होणारी चूक आहे. २०१६ मध्ये रॉक आयलंडमध्ये एक विंचेस्टर मॉडेल १८८६ रायफल साडेबारा लाख डॉलरच्याही वर गेली. पण तिच्यावरचा क्रमांक १ होता, म्हणजे त्या मॉडेलची ती पहिली रायफल. शिवाय ती अपाची लढवय्या जेरोनिमोला शरण आणणाऱ्या मोहिमेतल्या कॅप्टन लॉटनची होती आणि हे सगळं कागदावर होतं. त्याच मॉडेलच्या साध्या रायफली तिच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाहीत. तुलना करायची तर तोच कारखाना, तीच प्रत (म्हणजे दर्जा), तोच बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि साधारण तीच अवस्था असलेल्या पाच-सात विक्री शोधाव्यात, आणि त्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची बाजूला ठेवून मधल्या बघाव्यात.

लंडनचा भाव इथे का चालत नाही

हा भाग नीट समजून घ्या. आपल्याकडचे बहुतेक चुकीचे भाव इथेच जन्माला येतात.

शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. पूर्वी एका परवानाधारकाला तीन अग्निशस्त्रं ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा दोनवर आली, आणि वडिलोपार्जित हत्यारही त्या दोनांतच मोजलं जातं. नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे. आपण सामान्य परवान्याबद्दल बोलतोय. ज्यांच्याकडे तीन होती, त्यांना तिसरं जमा करणं किंवा विकणं भाग पडलं. दुसरीकडे, घेऊ शकणारा माणूस म्हणजे ज्याच्या परवान्यात जागा रिकामी आहे तोच. विकणारे जास्त, जागा कमी. अशा बाजारात घाई घेणाऱ्याने करू नये.

किंमत वर खेचणारी गोष्टही कायद्यातूनच आलेली आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी बंदुका आयात करण्याची वाट जवळपास बंद झाली. म्हणजे देशात आहेत तेवढ्याच इंग्लिश आणि जर्मन रायफली. नवीन भर नाही. साध्या, चालू अवस्थेतल्या परदेशी रायफलीलाही आपल्याकडे तिच्या गुणांपेक्षा जास्त भाव सांगितला जातो, तो यामुळेच. हा जादा भाव टंचाईचा आहे, संग्राह्यतेचा नाही. उद्या आयातीचे नियम सैल झाले, तर टंचाईचा भाव उतरेल आणि संग्राह्यतेचा टिकेल. म्हणून या दोन्हींचे पैसे मनात वेगळे ठेवावेत.

आणि बाहेर विकायची वाटही मोकळी नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नवीन रायफलीलाही निर्यातीचा परवाना लागतो. तेव्हा 'लंडनला एवढ्याला जाईल' हे वाक्य ऐकलं की शांतपणे विचारावं, की ती लंडनला नेणार कोण आणि कशी?

बोअरचाही प्रश्न आहे. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही लष्करी काडतुसं चालणाऱ्या रायफली आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. साध्या परवान्यावर त्या घेता येत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या ली-एन्फील्डच्या, म्हणजे त्याच थ्री नॉट थ्रीच्या, दुर्मीळ मॉडेलसाठी लोक भांडतात. कोल्हापुरातल्या परवानाधारकासाठी तिची किंमत शून्य आहे, कारण त्याला ती घेताच येत नाही. आपल्या सरकारी कारखान्यांची .३१५ रायफल एवढी पसरली ती याच कारणाने: बांधणी जवळपास लष्करी रायफलीसारखी, पण लष्करी काडतूस आत बसत नाही.

'अँटिक आहे, लायसन्स लागत नाही' हेही हमखास ऐकू येतं. कायद्याच्या कलम ४५ मधली सूट फार अरुंद आहे. जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, आणि दुरुस्त करूनसुद्धा ज्यातून गोळी सुटणार नाही असंच. ठासणीची बंदूक शंभर-दीडशे वर्षांची असली तरी थोड्या दुरुस्तीने ती उडत असेल, तर सूट नाही. हे तोंडी मान्य करू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी घ्या. विनापरवाना हत्याराची शिक्षा तुरुंगवासाची आहे, आणि तिथे हौस हे कारण चालत नाही.

नळीवरचं नाव आणि आतलं काम

नळीवर इंग्लिश नाव कोरलेलं दिसलं की माणूस हुरळतो. पण नावांत दोन जाती आहेत. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स हे बनवणारे. कलकत्त्याच्या रॉडा, मँटन, लायन अँड लायन यांसारख्या पेढ्या किंवा मुंबईतही दुकान असलेलं आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हे मुख्यतः विकणारे. त्यांचा बराचसा माल बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून यायचा आणि वर पेढीचं नाव पडायचं. (रॉडाचं नाव इतिहासात वेगळ्याच कारणाने आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये बंगाली क्रांतिकारकांनी या पेढीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं पळवली.) पेढीचं नाव असलेली रायफल वाईट असते असं अजिबात नाही, कित्येक अतिशय भक्कम आहेत. पण तिला 'रॉयल' प्रतीच्या हॉलंडचा भाव लावता येत नाही. बनवणाऱ्याचे खुणेचे छाप नळ्यांच्या खालच्या बाजूला असतात, नळ्या उतरवल्यावरच दिसतात. नळ्या उतरवून दाखवायला विकणारा तयार नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

एकाच कारखान्याच्या प्रतींतही फार फरक. साइडलॉक आणि बॉक्सलॉक ही यंत्रणेची दोन घराणी, त्यात पुन्हा नक्षीकामाच्या, लाकडाच्या प्रती. नाव तेच, भाव दुप्पट-तिप्पट वेगळा.

बोअरांची गंमत मात्र खास आपल्या देशाची आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. कारण सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअर तोच होता आणि ती काडतुसं, गोळ्या बंडखोरांच्या कामी येतील ही धास्ती. मोठ्या शिकारीच्या रायफलींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तर हिंदुस्थानातच, संस्थानिक आणि साहेब लोक. मग लंडनच्या कारागिरांनी बंदीच्या कडेने नवे बोअर काढले: हॉलंडचा .५००/४६५, त्याशिवाय .४७०, .४७५, .४७६. आज या आकड्यांचा गोंधळ वाटतो, पण त्यांच्या मुळाशी भारतातला एक सरकारी हुकूम आहे.

माहिती म्हणून हे मोलाचं आहे. किमतीच्या दृष्टीने मात्र विचारायचं ते हे की काडतूस मिळतं का. मोठ्या बोअरची काडतुसं बनवणाऱ्या इंग्लंडच्या कायनॉकने १९६० च्या दशकात हे उत्पादन थांबवलं. नंतर ते त्याच नावाने पुन्हा सुरू झालं, पण तिथे. इथल्या परवानाधारकाला .३१५ किंवा .३०-०६ ची देशी काडतुसं मिळू शकतात, .४७६ ची कुठून आणणार? त्यामुळे जो बोअर लंडनमध्ये दुर्मीळ म्हणून महाग, तोच कोल्हापुरात गिऱ्हाइकं कमी करतो. दुर्मीळ असणं आणि हवंसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. .३७५ हॉलंड १९१२ चा, जगभर हजारोंनी बनला, दुर्मीळ मुळीच नाही, तरी त्याला मागणी कायम आहे. उलट एखादा विचित्र बोअर मोजक्याच रायफलींत सापडतो, कारण तो तेव्हाही कुणाला नको होता.

मूळ अवस्था

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य जिंकलं, त्याआधी इथलीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. त्यामुळे इथल्या पोरांना ५० मीटरची .२२ रायफल चांगली ठाऊक आहे. त्या रायफलीची किंमत ती गोळी कुठे टाकते यावर असते. नळी झिजली, बदलली, काही बिघडलं नाही. संग्राह्य रायफलीचं शास्त्र याच्या उलटं आहे. इथे नळी बदलली की अर्धी रायफल गेली. कारखान्यातून निघाली तेव्हा जे लाकूड, जे स्क्रू, जी झिलई होती, त्यातलं किती शिल्लक आहे याला पैसे पडतात. अमेरिकेतले संग्राहक तर मूळ झिलई किती टक्के उरली आहे यावर भाव बांधतात.

म्हणून सगळ्यात मोठं नुकसान होतं ते प्रेमाने केलेल्या पॉलिशने. गुजरीत जुना साज उजळून आणला की तो पुन्हा ल्यायला तयार होतो आणि त्याचं मोल कमी होत नाही. रायफल उजळली की तिचं मोल उतरतं, आणि ते परत मिळवायचा कुठलाही उपाय नाही. ज्यांच्या घरात असं हत्यार आहे त्यांना कळकळीने सांगतो: विकायच्या आधी चकचकीत करून आणू नका. गंज वाढू नये एवढं तेलाचं बोट पुरे.

पॉलिश झालंय की नाही हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. अक्षरांपासून सुरुवात करा. मूळ कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला जाणवतात. बफवर धरलेल्या नळीवरची अक्षरं विरघळल्यासारखी, कडा गोल झालेली दिसतात. स्क्रूच्या भोकांची तोंडंही तशीच बशीसारखी खोलगट होतात. उद्यमनगरातल्या जुन्या टर्नरला भिंग देऊन बसवलं, तर बंदुकीची माहिती नसतानाही तो पाच मिनिटांत सांगेल की या पृष्ठभागावर पुन्हा हत्यार फिरलंय.

मग स्क्रू बघा. लंडनच्या उत्तम कामात स्क्रूच्या खाचा नळीला समांतर, एका रेषेत उभ्या केलेल्या असतात आणि खाच इतकी बारीक की साधा स्क्रूड्रायव्हर आत जात नाही. खाचा चावल्यासारख्या फाटलेल्या, वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या असतील, तर आत कुणीतरी अर्धवट माणसाने हात घातलेला आहे. काय केलं, हे मग आत उघडूनच बघावं लागतं.

लाकूड आणि लोखंड जिथे मिळतात ती सीमा सगळ्यात जास्त बोलते. कारखान्यातून निघताना अक्रोडाचं लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर किंवा अगदी सपाटीला असतं. लोखंड वर आणि लाकूड खाली गेलेलं दिसलं, तर दस्ता घासून पुन्हा पॉलिश केलाय. हाताच्या पकडीसाठी कोरलेली जाळी गुळगुळीत झालेली असेल आणि शेजारची झिलई मात्र नव्यासारखी, तर हे गणित जुळत नाही. झीज सगळीकडे एकाच वयाची हवी. जो हात जाळी झिजवतो, तोच शेजारचा रंगही नेतो.

यंत्रणेच्या डब्यावर निळे-तपकिरी-राखी ढग दिसतात, ते हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात लोखंड तापवून एकदम थंड केल्याने आलेले. हात लागतो तिथले ते आधी उडतात, आडोशाच्या कोपऱ्यांत टिकतात. शंभर वर्षांच्या रायफलीवर ते सगळीकडे सारखे आणि भडक असतील, तर ते नंतर केलेले आहेत.

दुनळी रायफलीत निळ्या झिलईचा प्रश्न फक्त सौंदर्याचा राहत नाही. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या कथलाच्या झाळीने जोडलेल्या असतात. जुनी पद्धत म्हणजे गंज चढवून, उकळून, घासून हळूहळू आणलेला निळा रंग. नवी झटपट पद्धत म्हणजे उकळत्या क्षारांच्या हौदात बुडवणं, आणि तो तिखट क्षार झाळ खातो. तेव्हा दुनळीवर आरशासारखी काळी-निळी चमक दिसली की नळ्या सुट्या करून हुकाला टांगाव्यात आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर पट्ट्या धड आहेत. खरखर किंवा मुका आवाज आला तर झाळ सुटली. ही तपासणी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातच करावी, हत्यार रिकामं असल्याची खात्री करून.

नळीच्या आतलं थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहून ओल ओढायचा. राधानगरी, गगनबावड्याच्या पावसाळ्यात शिकारीनंतर गरम पाण्याने न धुतलेली नळी काही दिवसांत खड्डे पकडायची. त्यामुळे इकडच्या संस्थानी रायफली बाहेरून देखण्या आणि आतून देवी आल्यासारख्या, असं होऊ शकतं. नळीत घालायचा छोटा कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. त्याने पीळदार खाचांच्या कडा आणि काडतुसाच्या पुढचा भाग बघावा. दुनळीचा पुढचा लाकडी भाग काढून नळ्या हलवून बघाव्यात. तो भाग जोडलेला असताना त्याची स्प्रिंग ढिलेपणा झाकते. नळ्या आखूड केलेल्या असतील तर दुनळी जवळपास संपली, कारण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडाव्यात म्हणून कारागिराने केलेली जुळणी त्या लांबीसाठीच असते.

नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी असलेल्या माशीचा मणी हस्तिदंती असेल तर लक्षात ठेवा, हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात बंदी आहे. विक्रीआधी त्याबद्दल वन खात्याला विचारा.

महाराजांचं नाव

आता किश्शाकडे येऊ. नावाला पैसे पडतात हे खरं आहे. शिकारी जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये मिळालेली .२७५ रिग्बी ही मुळात साधी बोल्टची रायफल. पण तिच्या दस्त्यावर त्या भेटीचा चांदीचा पत्रा आहे आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली हे माहीत आहे. कॉर्बेट यांच्यानंतर ती त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती, आणि २०१५ मध्ये ती स्वतः रिग्बीनेच घेतली. एकही कडी तुटलेली नाही.

आपल्याकडच्या दाव्याला हीच कसोटी लावायची, आणि सुरुवात तारखांपासून. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि ६ मे १९२२ रोजी गेले. त्यानंतर बनलेली कोणतीही रायफल त्यांच्या हातची असू शकत नाही. फार तर ती राजाराम महाराजांच्या, म्हणजे १९२२ ते १९४० च्या काळातली. रायफल कधी बनली हे तिच्या अंगावरून बरंचसं कळतं. नळ्या दाब सोसतात का हे तपासून छाप मारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने १९०४ मध्ये छाप बदलले, १९२१ पासून वर्ष सांगणारी सांकेतिक अक्षरंही मारली; १९५४ नंतरच्या छापांत दाब टनांत येतो. (१९५४ नंतरचा छाप पुन्हा चाचणी झाल्यामुळेही असू शकतो, म्हणून जुने छाप आधी शोधावेत.) नळीवरचा पत्ताही उपयोगी पडतो. हॉलंडचं दुकान १९६० पर्यंत ९८, न्यू बाँड स्ट्रीटला होतं, मग ब्रूटन स्ट्रीटला गेलं.

खरा निकाल कारखान्याच्या नोंदवहीत. हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या आहेत. रायफलीचा नंबर कळवून, फी भरून पत्र मागवता येतं: कधी पूर्ण झाली, कोणता बोअर, नळ्यांची लांबी किती, कुणाच्या नावाने गेली. अमेरिकन विंचेस्टरच्या वह्या वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात आहेत. तिथल्या पत्राचं महत्त्व कळायचं तर 'वन ऑफ वन थाउजंड' ही विंचेस्टर १८७३ ची खास प्रत आठवावी. उत्तम नेम साधणाऱ्या नळ्या निवडून १०० डॉलरला विकलेल्या या रायफली दीडशेच्या आतच बनल्या. साध्या नळीवर ती अक्षरं कोरून घेणं सोपं आहे, म्हणूनच आज पत्राशिवाय तिला कोणी हात लावत नाही.

पत्रात लांबी २६ इंच आणि हातातली नळी २४ इंच, तर ती कापलेली आहे. पत्रात मुंबईच्या दुकानाचं नाव आलं तर कडी तिथे थांबते. पुढची जोडायला दुसरा कागद हवा. जुना परवाना, वाटणीपत्रात नंबरासह नोंद, संस्थानच्या खरेदीची नोंद. कोल्हापूर संस्थानची दप्तरं इथल्या पुराभिलेख कार्यालयात आहेत, मोडी वाचणारी माणसंही शहरात आहेत. एवढ्या किमतीच्या व्यवहाराआधी तिथे चौकशी करायला काय हरकत आहे? फोटो मात्र सहसा पुरावा होत नाही. महाराजांच्या हातात रायफल दिसते, ती हीच हे कशावरून? दस्त्याच्या लाकडाच्या रेषा जुळवता आल्या तरच तो फोटो कामाचा. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात जाऊन तिथली हत्यारं शांतपणे बघावीत, डोळा तयार होतो. पण 'तसलीच दिसते' हा पुरावा नव्हे.

हिशोब

समजा दुनळी .५००/४६५ आहे आणि मागणी २० लाखांची, 'शाहू महाराजांची' म्हणून. हे आकडे रीत दाखवण्यापुरतेच घ्या. कारखान्याचं पत्र येतं: १९२६ मध्ये पूर्ण. नाव गेलं. झालेल्या विक्रींत नाव असलेल्या आणि नसलेल्या रायफली शेजारी ठेवून बघता, तर नावाने भाव दुप्पट होतो. म्हणजे २० चे १० झाले. नळ्यांवर झिलई पुन्हा चढवलेली आहे आणि अशा रायफली एक तृतीयांशाने कमी जातात, असं त्याच विक्रींत दिसतं. ही तूट आता २० वर धरायची नाही, १० वर. उरले पावणेसात लाखांच्या आसपास. नाद स्वच्छ आहे, आतली नळी चांगली, इथे वजाबाकी नाही. ओक-चामड्याची पेटी मूळची, आतल्या लेबलावरचा पत्ता त्या काळाशी जुळणारा, थोडी भर. मग परवान्यात जागा असलेली आणि या बोअरचं काडतूस नसतानाही घेणारी माणसं आपल्या भागात किती, याचा विचार, आणि पुन्हा थोडी घट. साडेसहाच्या पुढे मी जाणार नाही.

विकणाऱ्याला हा हिशोब उघडपणे दाखवावा. बहुतेक घरं किस्सा मनापासून खरा मानत असतात, आजोबांकडून ऐकलेला असतो. त्यांना खोटं पाडायची गरज नाही. पत्र समोर ठेवलं की बोलणं आपोआप आकड्यांवर येतं.

पत्र यायला वेळ लागतो आणि तोवर विकणारा विसार मागतो. विसार द्यावा, पण कागदावर. त्यात रायफलीचा नंबर, बोअर, नळ्यांची लांबी लिहावी. कारखान्याच्या पत्रातली तारीख किंवा लांबी जुळली नाही, किंवा परवाना शाखेने मंजुरी दिली नाही, तर विसार पूर्ण परत, असं स्पष्ट नमूद करावं. परवान्यावरचं हत्यार विकायचं असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. एवढ्या अवधीत कारखान्याला पत्र लिहून ठेवता येतं, नळी तपासून घेता येते. उरलेली रक्कम बँकेतून, आणि तीही हत्याराची नोंद तुमच्या परवान्यावर चढल्यानंतरच द्यावी.